त्रेपन्न ओहमची शेगडी

आमच्या शाळेत अकराच्या सुट्टीचा चहा पावणेबाराला व्हायचा. सुट्टी पंधरा मिनिटांची. म्हणजे चहा होईपर्यंत मास्तर लोक वर्गात परत गेलेले असायचे, मग चपराशी ट्रे घेऊन वर्गावर्गातून फिरायचा, आणि कोणी इतिहास शिकवता शिकवता तर कोणी भूमिती सोडवता सोडवता चहा प्यायचं. पोरांना त्याची इतकी सवय झाली होती की चहा आल्याशिवाय प्रमेय पुढे सरकत नाही असंच ती समजायची.

साल त्रेसष्टचं. मी नुकतीच बी. एस्सी. झाले होते. यवतमाळहून बाभुळगावच्या रस्त्यानं आणखी थोडं पुढे गेलं की एक मोठं गाव लागायचं, तिथल्या हायस्कुलाला विज्ञानाचा मास्तर मिळत नव्हता. दोन जण येऊन, गाव बघून, संध्याकाळच्या मोटारीनंच परत गेले होते. तेव्हा संस्थेनं नाइलाजानं बाई घेतली. शिवाय ती बाई आमच्यातली. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं तेव्हा मी नववीत होते, आणि वडील यवतमाळच्या एका जिनात कामाला होते. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. लेक मास्तरीण झाली म्हणून वडलांनी मला पोचवायला येताना नवं धोतर नेसलं होतं. गावात उतरल्यावर आम्ही खोली शोधली. चार घरी सांगितलं गेलं की खोली कालच दिली. एवढ्याशा गावात एकाच दिवशी चार खोल्या जाव्यात याचं वडलांना फार नवल वाटलं, निदान त्यांनी मला तसं दाखवलं.

पाचवं घर मोटार स्टँडजवळच्या मेकॅनिकचं होतं. पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, हाताला कायम ग्रीस. मोटारीचं वाइंडिंग करायचे, ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचे, रेडिओ उघडायचे. पुढे दुकान, मागे घर, घराच्या मागे एक खोली. त्यांनी वडलांना एकच विचारलं.

"पोरगी काय शिकवते?"

"सायन्स," वडील म्हणाले.

"मंग राहू द्या. आमच्या घरात करंटच करंट हाये."

तेव्हापासून ते माझे चाचा झाले आणि मी त्यांची बेटी.

शाळेत मी अकरावीला पदार्थविज्ञान शिकवायचे. विजेचं प्रकरण आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मी फळ्यावर नीट लिहिलं: दाब भागिले धारा म्हणजे रोध. दाब व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये. दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये. बत्तीस मुलं आणि तीन मुली यांनी ते एका सुरात पाठ केलं. मी एका मुलाला विचारलं, "रोध म्हणजे काय रे?" तो उभा राहून म्हणाला, "दाब भागिले धारा." "अन् दाब म्हणजे?" "धारा गुणिले रोध." "अन् धारा?" त्यानं तिसरंही बरोबर सांगितलं आणि समाधानानं खाली बसला. दाब, धारा, रोध, तिघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, जमिनीला पाय कुणाचाच टेकलेला नव्हता.

प्रयोगशाळेत मीटर होते, पण ते तीस व्होल्टपर्यंतचे. टॉर्चच्या सेलला लावले की काटा जरासा हलायचा आणि मागच्या बाकांना तोही दिसायचा नाही. माझं शिकवणं वाईट नव्हतं असं मला वाटतं. पण पोरांना त्याचं कारण पडत नव्हतं.

कारण शेगडीनं पाडलं.

आमचे हेडमास्तर संस्कृतचे. उंच, गोरे, काळी टोपी, बोलणं स्वच्छ आणि सावकाश. गावात वीज येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि वीज शाळेपर्यंत यावी म्हणून त्यांनी बरेच खेटे घातले होते. त्यामुळे विजेबद्दल त्यांना पोटच्या पोरासारखी माया होती. दिवाळीत नागपूरला गेले तेव्हा त्यांनी शाळेसाठी विजेची शेगडी आणली. पांढऱ्या चिनीमातीची थाळी, तिच्यात गोगलगायीसारखी फिरत गेलेली खाच, खाचेत तारेची स्प्रिंग. खाली पत्र्यावर लिहिलेलं, दोनशे तीस व्होल्ट, एक हजार वॅट. त्यांनी ते सगळ्या मास्तरांना वाचून दाखवलं. घासलेटचा स्टोव्ह त्या दिवसापासून अडगळीत गेला.

चपराशाला हे आवडलं नाही. तो साठीला टेकलेला, कानात भिकबाळी, स्टोव्हला पंप मारण्यात गावात त्याचा हात धरणारा नव्हता. शेगडीचं बटन तो लाकडी पाटावर उभा राहून दाबायचा आणि दाबून झालं की पाटासकट दूर व्हायचा. स्टोव्हवर चहा पंधरा मिनिटांत व्हायचा. हजार वॅटच्या शेगडीवर पाऊण तास लागायला लागला. हेडमास्तरांनी आठ दिवस वाट पाहिली, नवव्या दिवशी त्याला बोलावलं आणि मग मला.

"बाई," ते म्हणाले, "याचं म्हणणं, याने काही केलेलं नाही. दुकानदाराला मी पत्र लिहिलं, त्याचं म्हणणं, माल चोख आहे. दोघांपैकी एक जण असत्य बोलतो आहे. आपण विज्ञानाच्या आहात. कोण ते सांगा."

चपराशी व्हरांड्यात माझ्यामागून आला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"बाई, म्या काय करन तिले? बटन दाबतो अन् लांब उभा राह्यतो. मले तं तिचं भेव वाटते."

"मला माहीत आहे, मामा," मी म्हणाले. "पण ती रोजच असं करते का? एखाद दिवशी लवकर होतो का चहा?"

"होते ना. एक वाजता ठेवला तं लवकर होते. जिनाची जेवणाची सुट्टी झाली का शेगडी कशी लालभडक होते. अन् दोनचा भोंगा वाजला का पुन्हा मेली थे."

जिन शाळेच्या मागेच होतं. मोसम सुरू झाला की त्याची घरघर दिवसभर चालायची आणि रुईचे तंतू उडून वर्गात यायचे. तासाच्या शेवटी सगळी पोरं म्हातारी दिसायची. त्याच वर्षी मालकानं जुनं इंजिन काढून विजेच्या मोटारी बसवल्या होत्या.

"हे तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"सरायनं इचारलं कुठी? थे म्हणे, तू काय केलंस. म्या म्हणलं, काई नाई केलं. संपलं."

इथे मला एका कपाबद्दल सांगितलं पाहिजे. मास्तरांच्या खोलीत पांढरे कप होते आठ, आणि त्यातल्या सातांचे कान तुटलेले. मी रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी चपराशानं माझ्यासाठी वेगळा कप आणला. गुलाबाची फुलं असलेला, नवा कोरा. "बाई, तुमच्यासाठी खास," तो म्हणाला, आणि तो कप धुऊन वेगळ्या फळीवर ठेवला. खास म्हणजे काय ते त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. कोणी सांगितलं म्हणून त्यानं केलं का आपल्याच मनानं, ते मी कधी विचारलं नाही. पहिले काही दिवस मी तो चहा अर्धाच पिऊन ठेवायचे. मग मी स्वतःची समजूत घातली की अख्ख्या शाळेत धड कान असलेला आणि बिनटवक्याचा कप काय तो माझाच आहे. बाकीचे लोक बोटं भाजून घेत होते.

तर मी चाचांकडे गेले. शेगडीची गोष्ट सांगितली. ते एका पंपाची मोटार उघडून बसले होते, मान वर न करता म्हणाले, "शेगडी शरीफ हाये. लाइनीत जोर नसन."

"पण लाइन दोनशे तीसची आहे, चाचा."

"किताब में दो सौ तीस है, ठीक है. खंब्यावर किती हायेत थे पाह्य." मग ते हसले. "बेटी, जिन गावाच्या तोंडाशी, शाळा तिच्या मागं, तार बारीक. जिन पिऊन उरन तेवढंच शाळेले भेटते."

त्यांचे शब्द वेगळे होते. दाबाला ते जोर म्हणायचे, धारेला चाल, आणि रोधाला अडकाव. शाळा चौथीत सुटलेली. पण मोटारीच्या आवाजावरून तिच्यात किती चाल आहे ते सांगायचे आणि मागून मीटर लावला तर फरक केसभरच यायचा. त्यांच्याकडे एका लाकडी फळीवर बसवलेले दोन मोठे मीटर होते, मोटारी तपासायला. दुसऱ्या दिवशी ती फळी डोक्यावर घेऊन ते शाळेत आले.

हेडमास्तरांच्या परवानगीनं मी अकरावीचा अख्खा वर्ग मास्तरांच्या खोलीसमोर व्हरांड्यात उभा केला. पाऊण वाजत आला होता, मागे जिनाची घरघर चालू होती. मी मुलांना सांगायला लागले की अँपिअर मोजणारा मीटर एकसरीत जोडायचा आणि व्होल्ट मोजणारा समांतर. मुलांचे चेहरे कोरेच राहिले. चाचा तारा जोडता जोडता म्हणाले, "हा रस्त्यात बसते, जाणाऱ्या-येणाऱ्याले मोजते. हा बाजूनं पाह्यते, इथं जोर किती अन् तिथं किती." बत्तीस मुलं आणि तीन मुली एकदम पुढे सरकल्या.

बटन दाबलं. व्होल्टचा काटा एकशे साठवर थांबला. अँपिअरचा तीनवर.

"करा," मी म्हणाले.

पाट्या-वह्यांवर खसखस झाली. एकशे साठ भागिले तीन, त्रेपन्न आणि वर थोडं. त्रेपन्न ओहम. एकशे साठ गुणिले तीन, चारशे ऐंशी वॅट. एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "बाई, अर्धीच हाये ही." हेडमास्तर मागे उभे होते, त्यांची मान ताठ झाली. "अर्धी? पत्र्यावर हजार लिहिलेलं आहे."

"थांबा सर, एक वाजू द्या," मी म्हणाले.

एकचा भोंगा झाला. घरघर थांबली आणि आमच्या डोळ्यांसमोर व्होल्टचा काटा चढत चढत दोनशे वीसवर गेला. अँपिअरचा काटा चारच्या पुढे, सव्वाचारच्या किंचित आत. शेगडीची तार विटेच्या रंगाची होती ती निखाऱ्यासारखी झाली. मुलींपैकी एक, मागच्या आळीतल्या शिंप्याची लेक, हिशेबात फार चपळ होती. सगळ्यांच्या आधी तिनं सांगितलं, "नऊशेच्या वर गेली, बाई." आणि मग भागाकार करून जरा गोंधळून म्हणाली, "पण रोध तर तोच आला. त्रेपन्नच."

"तोच यायला हवा," मी म्हणाले. "तार तीच आहे ना."

त्या क्षणी काहीतरी जमिनीला टेकलं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पहिल्या दिवशी तिन्ही व्याख्या घडाघड सांगणारा तो मुलगा पुटपुटत होता, "म्हणजे तिचं स्वतःचं त्रेपन्न. बाकीचं लाइनीचं." याहून चांगलं मी पुढच्या तीस वर्षांत कधी शिकवलं नाही, आणि हे तर मी शिकवलंही नव्हतं. मग आम्ही पत्र्यावरचा आकडा तपासला. दोनशे तीसचा वर्ग भागिले त्रेपन्न, हजाराला दोन कमी. दुकानदार खरा, चपराशी खरा, शेगडी खरी.

हेडमास्तरांनी चपराशाची माफी मागितली नाही, ती त्या काळची रीत नव्हती. पण त्याच्याकडे बघून म्हणाले, "तू बरोबर पाहिलं होतंस," आणि तो दिवसभर भिकबाळीला हात लावत फिरला.

इथे हे संपायला हवं होतं. चहा एक वाजता करायचा, की झालं. पण जानेवारीत तपासणीला इन्स्पेक्टर साहेब यायचे होते, अकरा वाजता, आणि अकराच्या चहाशिवाय त्यांचं स्वागत कसं करायचं हा हेडमास्तरांपुढे प्रश्न होता. मी स्टोव्हचं नाव काढलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

"बाई, पत्र्यावर हजार लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे म्हणजे मिळालं पाहिजे. अकरा वाजता हजार वॅट मिळण्यास काय करावं लागेल?"

आता मी तरुण होते आणि मला गणित आवडायचं. मी तिथल्या तिथे कागद घेतला. दाब एकशे साठच मिळणार असेल आणि शक्ती हजार हवी असेल तर रोध किती हवा? एकशे साठचा वर्ग पंचवीस हजार सहाशे. भागिले हजार. पंचवीस पूर्णांक सहा दशांश. म्हणजे तार जवळजवळ निम्मी करायची. उत्तर इतकं सुबक आलं की मला त्याचा मोह पडला.

चाचांनी तो कागद लांब धरून पाहिला. "आकडा ठीक हाये. पर जिन बंद झाली तं?"

"जिन बंद असताना लावायचीच नाही. आपण पाटी लावू."

"बेटी, जिन बंद झाली हे शेगडीले कोन सांगन?"

मी त्यांना म्हणाले की चपराशी सांगेल, त्याचे कान तीक्ष्ण आहेत. त्यांनी खांदे उडवले आणि तार कापली. अर्धी तार ताणून पूर्ण खाचेत बसवली. शाळेच्या फ्यूजला सहा अँपिअर सोसवेनात, म्हणून त्यात जाड तार घालायला लागली. हे करू नये एवढं मला कळत होतं, ते मी म्हणालेही. पण इतक्या हळू म्हणाले की फ्यूजलाच ऐकू गेलं असेल. चाचणी झाली. जिन चालू असताना शेगडी झकास पेटली आणि चहा सोळा मिनिटांत झाला. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं सुंदर अक्षरात पाटी लिहिली: जिन चालू असेल तेव्हाच शेगडी पेटवावी.

तपासणीच्या दिवशी शाळा सारवून, तोरणं बांधून तयार होती. इन्स्पेक्टर साहेब म्हणजे बुटके, चष्मेवाले, थोडं कमी ऐकू येणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर शाळा समितीचे अध्यक्षही आले, आणि अध्यक्ष म्हणजे जिनाचे मालक. साहेब पहिल्यांदा माझ्याच वर्गात आले. नवी बाई, तेही विज्ञान शिकवणारी, त्यांना बघायची असावी. मी त्यांना खुर्ची दिली आणि तेच विजेचं प्रकरण घेतलं, कारण तेवढं पोरांना येत होतं.

साहेबांनी एका मुलाला प्रश्न विचारला. मुलानं उत्तर दिलं. साहेबांनी कानामागे हात धरला. मुलानं परत सांगितलं. मागे जिन घरघरत होतं. साहेब म्हणाले, "काही ऐकू येत नाही बुवा, केवढा हा आवाज."

दारात उभे असलेले अध्यक्ष शरमले. त्यांनी आपल्या माणसाला खूण केली आणि म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं. बंदच करून टाकतो जिन."

मला आधी काहीच जाणवलं नाही. उलट बरं वाटलं. मग घरघर थांबली, वर्गात एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत मला दिसलं की साहेबांकडे कोणीच बघत नाहीये. पस्तीसच्या पस्तीस पोरं खिडकीतून मास्तरांच्या खोलीकडे बघत होती. अकराला पाच मिनिटं कमी होती. चहा चढलेला होता.

माझ्या हातात खडू होता. तपासणी चालू असताना वर्ग सोडून बाहेर जाणं म्हणजे नोकरीवर पाणी. मी अर्धं वाक्य पुरं केलं, कोणतं ते आठवत नाही. मग "साहेब, एक मिनिट" म्हणाले आणि पदर खोचून व्हरांड्यातून पळाले.

चपराशी पाटावर उभा होता. शेगडीची तार लाल नव्हती, पिवळी झाली होती, पांढरीकडे झुकलेली. पातेल्यातला चहा वर येऊन काठावरून चोहीकडे उतू जात होता, आणि हा माणूस हात जोडून त्याच्याकडे बघत होता.

"मामा, बटन बंद करा."

"पाटीवर बंद कराचं काई लिह्यलं नाई, बाई. नुस्तं पेटवाचं लिह्यलं हाये."

मी त्याला ढकलून पाटावर चढले. बटनाला हात लागतो न लागतो तोच फट् आवाज झाला, एक ठिणगी उडाली आणि तार मधोमध तुटून वर उभी राहिली. जळक्या दुधाचा वास खोलीभर झाला. मी मागे वळले तर दारात साहेब, साहेबांच्या मागे अध्यक्ष, अध्यक्षांच्या मागे हेडमास्तर, आणि त्यांच्या मागे सगळी अकरावी.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

मी बी. एस्सी. होते, आणि मला त्या क्षणी व्होल्टसुद्धा आठवत नव्हता. हेडमास्तर संस्कृतात काहीतरी पुटपुटले. तेव्हा शिंप्याची लेक पुढे आली. घाबरलेली होती पण आकडे तिच्या जिभेवर होते.

"साहेब, जिन बंद झालं म्हणून दाब एकशे साठचा दोनशे वीस झाला. तारेचा रोध तोच, पंचवीस पूर्णांक सहा. म्हणून धारा साडेआठच्या वर गेली. दोनशे वीसचा वर्ग भागिले पंचवीस पूर्णांक सहा, अठराशे नव्वद वॅट झाले. अन् तार अर्धीच होती." मग ती म्हणाली, "तिनं तरी किती सोसावं?"

साहेबांनी तिला ते पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं. मग विचारलं, "हे पुस्तकात आहे?"

"नाही साहेब. शेगडीत आहे."

साहेब हसायला लागले. चष्मा काढून पुसण्याइतके हसले. अध्यक्षांना हसावं का नाही ते कळेना, म्हणून त्यांनी खिडकीतून माणसाला हाक मारली आणि जिन पुन्हा चालू करायला सांगितलं.

चहा पातेल्यात पाच-सहा कप उरला होता, करपलेला. साहेब म्हणाले, आहे तो आणा. चपराशी इतका गांगरलेला की त्यानं हाताला लागले ते कप मांडले, भरले, आणि साहेबांपुढे त्यातल्या त्यात बरा, कान असलेला, गुलाबाच्या फुलांचा कप ठेवला. मी पाहिलं. हेडमास्तरांनीही पाहिलं. त्यांचा हात टेबलावरून अर्धा उचलला गेला आणि तिथेच थांबला. चपराशाला उमगलं तेव्हा साहेबांनी पहिला घोट घेतलेला होता.

"कप छान आहे," साहेब म्हणाले. "बाकीचेही असे घ्या की."

हेडमास्तरांनी हळूहळू हात खाली घेतला, मग पुढ्यातला एक पांढरा कप उचलून माझ्याकडे सरकवला. "घ्या बाई," ते म्हणाले. चपराशी जमिनीकडे बघत होता. मी घेतला. चहा कडू होता आणि कपाला कान नसल्यानं माझी दोन बोटं भाजली. त्या दिवसापासून कोणता कप कोणाचा हे लक्षात ठेवणं चपराशानं सोडून दिलं. मला बहुतेक वेळा तुटक्या कानाचाच यायचा. मी कधी तक्रार केली नाही.

साहेबांनी शेऱ्यात विज्ञानाच्या अध्यापनाबद्दल चार चांगले शब्द लिहिले, आणि खाली फ्यूजची जाड तार ताबडतोब काढावी असंही लिहिलं. त्या ओळीसाठी मी त्यांची जास्त ऋणी आहे. चाचांनी ती त्याच संध्याकाळी काढली. घरी येताना ते मला एवढंच म्हणाले, "बेटी, तुझा आकडा बरोबर होता. पर आकडा एकटा होता." मी रात्रीच्या भाकरीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मग चाचीनं आम्हा दोघांना एका ताटात बसवलं तेव्हा हसू आलं.

चार दिवसांनी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"बाई," ते म्हणाले, "साहेबांनी जाताना मला विचारलं की दाबाचा वर्ग का करायचा. मी मान हलवली. पण मला ठाऊक नाही. मी आपल्या तासाला मागच्या बाकावर बसलो तर चालेल का?"

मी हो म्हणाले, दुसरं काय म्हणणार. दुसऱ्या दिवशी ते खरोखर आले, टोपी मांडीवर ठेवून शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. पोरं तासभर श्वास रोखून होती. मी सांगितलं की दाब दोनदा मोजला जातो. दाब वाढला की एक तर धारा वाढते, आणि शिवाय त्या धारेतल्या प्रत्येक कणामागचा रेटाही वाढतो. म्हणून दाब दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. हेडमास्तरांनी हात वर केला.

"एकाच राजाचे दोन कर," ते म्हणाले. "एकदा माणसांवर, एकदा त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्यावर."

"हो सर. तसंच."

मी सगळ्यांना घरी करायला एक गणित दिलं. इस्त्री साडेचारशे वॅटची, दाब दोनशे तीस, तर धारा किती आणि रोध किती? सकाळी छत्तीस वह्या आल्या. त्यातली एक वही नव्हतीच, लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहिलेला कागद होता, अक्षर मोत्यासारखं. धारा जवळजवळ दोन, रोध एकशे साडेसतरा. दोन्ही उत्तरं बरोबर होती. फक्त दोन्हींपुढे एकक लिहिलेलं नव्हतं.

मी बराच वेळ लाल पेन्सिल हातात धरून बसले. मग त्यांचाही अर्धा गुण कापला.